उतार कुणी दाखवला

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा माझ्या ओटीत नारळाच्या आधी जळकी ज्वारी पडली. जुन्या गावठाणाच्या टेकाडातून निघालेले, कोळशासारखे काळे दाणे. मला वाटलं, कुणाचा तरी खोडसाळपणा आहे. माझ्या माहेरी, वरकुट्याला, असलं काही नव्हतं. मग सासऱ्यांनी, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, समजावलं की ही आपल्या जुन्या गावची ज्वारी, प्रत्येक नव्या सुनेला देतात.

त्यामागची गोष्ट अशी. एके काळी भीमा ही हद्द होती. अलीकडे आपला मुलूख, पलीकडे मोगलांची छावणी. फौज नदी ओलांडून आली, गावात ठाणं बसवतो म्हणाली, वैरण आणि धान्य मागू लागली. आमच्या गावानं वेस लावून घेतली आणि गोफणी-कुऱ्हाडी घेऊन झुंज दिली. शेवटी फौजेनं गाव पेवांतल्या धान्यासकट जाळलं. वाचलेल्यांनी ओढ्याच्या अंगाला नवं गाव वसवलं. इथवर ऐकताना मला भरून आलं होतं. पण गोष्टीला शेपूट होतं. नदी पायी ओलांडायची जागा, म्हणजे उतार, फौजेला शेजारच्या गावानं दाखवला. म्हणून त्या गावाशी सोयरीक करायची नाही आणि तिथलं पाणी प्यायचं नाही.

ते गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. दोघांचा ऊस एकाच कारखान्याला जातो. कॅनॉलचं पाणी आधी त्यांच्या शिवारातून येतं, तेव्हा आमचा ऊस त्यांच्याकडून आलेलंच पाणी पितो. त्यांच्या हद्दीतल्या हॉटेलात आमची माणसं चहा घेतात. चहात पाणी नसतं का, असं मी एकदा दिरांना विचारलं. दूध-साखर पडली की ते पाणी राहत नाही, म्हणाले. सोयीपुरता नेम कसा वाकवावा हे आमच्या गावाकडून शिकावं. तो उतार तर धरणाच्या फुगवट्यात केव्हाच बुडाला, वैर मात्र कोरडं राहिलं.

आमच्या लेकीचं चहावर भागलं नाही. ती बारामतीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथं डाळिंबाच्या बागेची माती घेऊन एक मुलगा यायचा. मुलगा चांगला, निर्व्यसनी, आणि नेमका त्याच गावचा. तिनं घरी सरळ सांगितलं. आमचे हे आबांकडं बघू लागले. मी मनातून खूश झाले. आबा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "तुमी लावा लगीन. मी मांडवात येणार न्हाय."

लेक आबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आबांच्या अक्षता पडल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नाही, असं तिनंही ठणकावलं. आजोबा-नात दोघं एका माळेचे मणी. त्यात मुलाकडं दुसरी स्थळं येऊ लागली, आणि पोरगी सुट्टीला घरी आली की नुसती भिंतीकडं बघत बसायची. माझा जीव तुटायचा. आबांचा मला राग येत होता आणि तो गिळून मी त्यांना भाकरी वाढत होते.

शेवटी आबा एक पाऊल मागं आले. मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्यानं आपल्यापुढं कबूल करावं की उतार आम्ही दाखवला, मग बघू. पणजोबाच्या पणजोबाची चूक आज कबूल करायला लावायची, मला तर सांगतानाही लाज वाटली. तरी आम्ही तिघं, आबा, हे आणि मी, गाडी काढून गेलो.

मुलाच्या आजोबांना, तात्यांना, आबांनी आपली अट सांगितली. समोरच्या पाण्याच्या तांब्याला हातही लावला नव्हता. तात्या चिडले नाहीत. उठून देवघरातून एक वाटी घेऊन आले. तिच्यात काळी जळकी ज्वारी होती.

"आमच्यात सुनंच्या ओटीत घालत्यात ही," ते म्हणाले. "उतार तुमच्या गावानं दाखवला, न् आमचं गाव जळालं, असं सांगत आल्यात आमाला."

मला आधी हसूच येणार होतं. मग आबांचा चेहरा पाहिला. तात्यांनी आम्हाला घरामागं नेलं. नव्या खोलीच्या पायासाठी खड्डा खणला होता आणि त्याच्या कडेला, पांढऱ्या मातीत, राखेचा काळा पट्टा आडवा गेला होता. आमच्या टेकाडात आहे तसाच. आबांनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. एकाच फौजेनं दोन्ही गावं जाळली असणार, आणि उरलेले लोक पिढ्यानपिढ्या एकमेकांवर दात धरून बसले. मला फार वाईट वाटलं, कुणाबद्दल ते सांगता येणार नाही.

परतताना आबा ह्यांना म्हणाले, गाडी कळसला घे. कळसला त्यांची धाकटी बहीण दिलेली आहे. सगळे तिला आत्या म्हणतात. लग्नाचं सांगायला निघाले असतील, असं मला वाटलं.

आत्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आबा उभ्या उभ्याच म्हणाले, की त्या शेजारच्या गावातही तीच गोष्ट सांगतात, त्यांचंही गाव जळालेलं आहे.

आत्यांनी वर पाहिलं नाही. "म्हाईत हाय मला. त्यानं सांगितलं हुतं."

तो कोण, हे मला त्या दिवशी कळलं. तरुणपणी आत्यांनाही त्याच गावचा एक मुलगा पसंत होता. आबांनी घाईघाईनं स्थळ बघून त्यांना कळसला देऊन टाकलं. इतकी वर्षं आबांच्या घरात राहून माझ्या कानावर हे कधी आलं नव्हतं.

"मी तवाच तुला सांगितलं हुतं, दादा," आत्या म्हणाल्या. "तू म्हणालास, ती लोकं खोटं बोलत्यात."

आबा ओट्याच्या पायरीवर बसले. आत्यांनी हातातली शेंग सोलून संपवली, सूप बाजूला सारलं आणि भावाजवळ सरकून बसल्या.

"पोरीचं तरी करून टाक," त्या म्हणाल्या.