घुशीची पिल्लं आणि अत्तराचा हात

पिंपळगावजवळच्या एका संशोधन केंद्रात शफीभाई प्राण्यांची देखभाल करत. द्राक्षबागा आणि कांदा साठवायच्या चाळी पोखरणाऱ्या घुशींचा तिथे अभ्यास चाले. घुशी पाळणं सोपं, पण कोंडलेल्या जागी त्यांची वीण होणं महाकठीण. नर-मादी एकत्र सोडले की एकमेकांचे लचके तोडत. शेवटी मातीने भरलेल्या टाकीत बीळ कोरून एक मादी व्यायली, तेव्हा केंद्राच्या संशोधक भाग्यश्री मॅडमनी पेढे वाटले आणि बजावलंही, "दाणा-पाणी ठेवायचं, शफीभाई. बिळात हात घालायचा नाही."

ईदच्या दिवशी सुट्टी होती. तरी नमाज आटोपून शफीभाई केंद्राकडे निघालेच.

"फलकचे अब्बा, पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात दुपारी उगवला होतात," त्यांची बायको जैतुनबी म्हणाली, "आणि घुशीच्या बाळंतपणाला एवढी घाई!"

"खुर्मा झाकून ठेव. आलोच."

टाकीत एक पिल्लू बिळाबाहेर पडलं होतं. गुलाबी, बिनकेसांचं, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. गार पडत चाललं होतं. शफीभाईंना राहवलं नाही. त्यांनी ते तळहातावर घेतलं, फुंकर घालून ऊब दिली आणि हलकेच भावंडांत सरकवलं. हाताला सकाळी चोळलेलं अत्तर अजून दरवळतंय, हे हात बाहेर काढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी बिळात पिल्लं नव्हती. आईनेच खाल्ली होती.

"मादीच खराब निघाली," मॅडम उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या. "हिला विषाच्या चाचणीत घ्या."

शफीभाईंनी तिला पिंजऱ्यात घेतलं. ती दात विचकत उलटीपालटी होत होती. पोटाखालची आचळं दुधाने तट्ट फुगलेली दिसली आणि त्यांचे पाय दारातच अडले.

"मॅडम, तिची चूक नाय. पिल्लाला मी हात लावला. अत्तराचा हात. परका वास लागला, म्हणून तिनं खाल्ली."

"काल? काल तर सुट्टी होती तुम्हाला!"

"हो."

"निदान फोन तरी करायचा, शफीभाई."

मॅडमनी कपाळावर हात मारला.

"सोडा तिला परत टाकीत."

टाकीत सोडताच मादी तडक बिळात शिरली आणि आतून माती ढकलून तिने तोंड बुजवून घेतलं. शफीभाईंनी दाणा लांबच ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले.