मुदत संपलेलं कार्ड

पोळपाटाला चिकटलेलं पीठ मी त्या कार्डानं खरवडते, आणि दरवेळी तीर्थपुरीतली ती बैठक आठवून डोकं भणभणतं. मी इंग्लंडातल्या नर्सच्या नोकरीतून रजेवर घरी आले होते आणि मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामानं मोसंबी सोलत सोलत फोनवर भाच्याचा सातबारा दाखवला. माझे वडील नुसती मान डोलवत राहिले. मग मामानं माझं तिकडं राहायच्या परवान्याचं कार्ड मागितलं, चिकट बोटांनी उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ह्याची तं मुदत संपली की. हाकलून दिलं का तुला तिकडून?" मी सांगितलं, तिथल्या सरकारनं कार्डं बंद केली, परवाना आता ऑनलाइन असतो, आणि फोन पुढे केला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. "मोबाईलमदी तं कोनीबी कायबी दाखवतंय. कागद असंल तं बोला." "मंग तुमची जमीनबी मोबाईलमदलीच हाये, मामा. काढा सातबाऱ्याचा कागद," मी म्हणाले. पाहुणे चहा न घेताच उठले. मोठ्या माणसाला असं बोलतात का, म्हणून आईनं मला सुनावलं. मामाला कुणी काही म्हणालं नाही. खरवडून खरवडून कार्डावरचा माझा चेहरा गेला, तो मामा मात्र डोक्यातून जात नाही.