आण्णांना सांगितलेलं तिसरं वर्ष

जयमालाच्या कंपनीत दर पावसाळ्यात नवी डिप्लोमावाली पोरं भरती व्हायची. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा इथपासून तीच त्यांना शिकवायची आणि दीड-दोन वर्षांत त्यांतलाच एखादा तिचा सुपरवायझर होऊन बसायचा. चाकणच्या त्या कारखान्यात गिअरचे दात तपासण्यात तिची चौदा वर्षं गेली होती, त्यामुळं याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण त्या दिवशी नव्या सुपरवायझरनं तिच्या हातातला कागद अलगद काढून घेतला. "ताई, ड्रॉइंग राहू द्या, ते तुम्हाला नाही कळायचं," असं तो चारचौघांत म्हणाला. ते मात्र तिला लागलं.

कारण ड्रॉइंग तिला कळत होतं. दहावीनंतर ती चिंचवडच्या पॉलिटेक्निकात मेकॅनिकलला होती. साठ जणांच्या वर्गात तीन मुली. दोन वर्षं ती एकही विषय मागे न ठेवता पास झाली. तिसरं वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर तिचे वडील चिमाजी खाडे यांनी कुरुळीचं स्थळ पक्कं केलं. घर शेतीवाडीचं, मुलगा निर्व्यसनी. "एक वर्ष थांबा आण्णा," ती काकुळतीला येऊन म्हणाली होती. आण्णा स्वतः टर्नर. माण तालुक्यातून येऊन सारी हयात लेथवर उभं राहून काढलेली. ते म्हणाले, "शिकून बी मशीनच चालवायचं ना?" ती अठरा वर्षांची होती. गप्प बसली, आणि पुढं तेवीस वर्षं त्या विषयावर गप्पच राहिली.

सुपरवायझरचं बोलणं तिनं रविवारी आण्णांच्या कानावर घातलं, तेही सहज. आण्णा आता चिंचवडला तिच्या भावाकडं, समाधानकडं राहत होते. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.  ऐकून ते उठले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तिच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका बाहेर काढल्या.

"ह्या तुमच्याकडं होत्या?"

"सासरी द्यायचा धीर झाला न्हाय," आण्णा म्हणाले. "जया, ऱ्हायलेलं पुरं कर. आता नोकरीवाल्यांची संध्याकाळची ब्याच आस्ती म्हनं. समाधाननं मोबाइलवर दावलं मला."

त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी जाड पेन्सिलीनं आखणी केली. डिप्लोमाचं राहिलेलं एक वर्ष. मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षं. पंचेचाळिसाव्या वर्षी जया इंजिनिअर. जयमालाच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, तो कागद पाहिला आणि म्हणाला, "कर की. घरचं आम्ही बघू. अपेक्षा काय आता लहान हाय व्हय?" अपेक्षा ही त्यांची मुलगी. ती बारावीला होती.

पॉलिटेक्निकात चौकशीला आण्णा स्वतः बरोबर आले. दोन जिने चढताना चार ठिकाणी थांबले. ऑफिसच्या खिडकीत सुमनताई नावाच्या क्लार्क होत्या. त्यांनी विचारलं, "नातवाचं ॲडमिशन का, आजोबा?"

"न्हाय, लेकीचं."

सुमनताईंनी जयमालाकडं पाहिलं, हसल्या, आणि मूळ कागद घेऊन मंगळवारी या म्हणाल्या. मंगळवारी आण्णांचं डायलिसिस होतं, म्हणून जयमाला एकटी गेली.

सुमनताईंनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिल्या. आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. "ताई, हा अभ्यासक्रम बंद होऊन जमाना झाला. तुमच्या नोंदणीची मुदतही कधीच संपली. ही दोन वर्षं धरता येणार नाहीत."

"मग?"

"तुम्ही दहावीवर आलात. बारावी सायन्स असती तर थेट दुसऱ्याला घेतलं असतं, ती नाही. म्हणजे पहिल्या वर्षापासून."

जयमाला तिथल्या बाकावर बसून राहिली. मार्क चांगले होते, विषयही तेच होते. फक्त ती फार उशिरा आली होती. तीन वर्षं डिप्लोमा आणि तीन डिग्री, म्हणजे सहा वर्षं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्या वर्षाचा अर्ज मागून घेतला.

तिथून ती रिक्षानं दवाखान्यात गेली. आण्णा मशीनला जोडलेले होते, डोळे दाराकडं. ती दिसताच त्यांनी मान उचलली.

"काय म्हनाली गं बाई?"

खरं सांगायचं असं ठरवूनच जयमाला आत आली होती. पण त्यांच्या हातावरच्या त्या सुजलेल्या शिरा आणि तो चेहरा बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं. "धरली, आण्णा. दोन्ही वर्षं धरली. थेट तिसऱ्याला."

आण्णांनी डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळून कानापर्यंत गेलं. "मला रोज वाटायचं, तुजी ती दोन वर्सं मी मातीत घातली," ते म्हणाले. "सुटलो बग आज."

जयमालानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तेवीस वर्षं मनात धरलेला राग तिला तिथं, त्या खाटेपाशी, पहिल्यांदा लख्ख जाणवला. आता तो कधीच बोलून दाखवता येणार नव्हता.

वर्ग सुरू झाले. सकाळची शिफ्ट करून कंपनीच्या बसनं भोसरी, तिथून चिंचवड, आणि रात्री साडेनऊला कुरुळी. बेंचवर शेजारी तिच्या निम्म्या वयाची पोरं. ती वर्गात पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमधली शंकूची प्रक्षेपणं काढायची, आणि रविवारी आण्णा तिसऱ्या वर्षाचं विचारायचे, "हायड्रॉलिक्स कुठवर आलं?" मग ती कंपनीतल्या मशीनवर पाहिलेलं काहीबाही सांगायची. आण्णा रंगून जायचे. कुठल्या धातूला किती वेग द्यायचा, टूलची धार गेली की कसा आवाज येतो, हे तासभर समजावून सांगायचे. जे त्यांनी तिला आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं ते सगळं त्या सहा महिन्यांत शिकवलं. तिला ते हवंहवंसं वाटायचं आणि निघताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

"डिग्री काय मी बघत न्हाय," ते म्हणायचे. "पन जूनमधी डिप्लोमाचा कागद तेवढा हातात घेनार."

जून जवळ यायला लागला तशी तिची झोप उडाली. जूनमध्ये त्यांना काय दाखवायचं? रोहिदासला खरं ठाऊक होतं. तो म्हणाला, "सांगून टाक. बापच हाय तुजा." दोनदा ती सांगायचं ठरवून गेली आणि दोनदा न सांगता परत आली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डायलिसिस चालू असतानाच आण्णा गेले. समाधानचा फोन आला तेव्हा ती कंपनीत कामावर होती. फोन ठेवला, आणि पहिला विचार तिच्या मनात आला तो हा, की आता जूनमध्ये काही दाखवावं लागणार नाही. तिला हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग ती मशीनच्या कडेला खालीच बसली. बाया धावत आल्या, त्यांना वाटलं बापासाठी रडतेय. ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

दशक्रियेला पवनेच्या घाटावर जुन्या कंपनीतले लोक आले होते. आण्णांचे दोस्त साहेबराव यांनी श्रद्धांजलीसाठी माइक हातात घेतला. "चिमाजीनं शेवटच्या दिसांत एकच ध्यास घेतला हुता," ते सांगू लागले. "जो भेटंल त्याला सांगायचा, माजी लेक शेवटच्या वर्साला हाय. आता इंजनेर होनार." सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. कुणी कौतुकानं मान डोलावली. जयमाला पायाखालच्या पायरीकडं बघत राहिली.

पांगापांग होताना साहेबराव जवळ आले. "परीक्षा कवा हाय पोरी?"

"मे महिन्यात, काका."

"शेवटचीच ना?"

आतापर्यंत तिनं बाहेरच्या सगळ्यांना हो म्हटलं होतं. पण आता ज्यांच्यासाठी हो म्हणायचं तेच राहिले नव्हते. "पहिल्या वर्षाची," ती म्हणाली. "ती जुनी दोन वर्षं धरलीच नाहीत त्यांनी. आण्णांना मी खोटं सांगितलं."

साहेबरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. तिला वाटलं ते म्हणतील, बरं केलंस. ते तसं म्हणाले नाहीत. "त्यो कुनाकुनाला सांगत फिरला गं," एवढंच बोलून ते घाटाच्या पायऱ्या चढून गेले.

मे महिन्यात जयमालानं सगळे पेपर दिले. गणित राहिलं, ते दुसऱ्या वर्षाबरोबर पुन्हा देता येणार होतं; बाकी सुटले. पुन्हा त्याच खिडकीशी उभं राहून तिनं दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरला. सुमनताईंनी विचारलं, "आजोबा कसे आहेत?" जयमालानं सांगितलं. सुमनताईंनी शिक्का मारला आणि कागद परत दिला.

ती जिना उतरू लागली. मधल्या वळणावर, जिथं आण्णा दम खायला टेकले होते, तिथं भिंतीला हात लावून ती थांबली. "एक वर्ष थांबला असतात तर काय बिघडलं असतं हो?" ती मोठ्यानं म्हणाली. वरून उतरणाऱ्या दोन मुली बाजूला झाल्या, तिच्याकडं बघत पुढं गेल्या. साडेपाच वाजले होते. सहाला दुसऱ्या वर्षाचा पहिला वर्ग होता.