शेपूट दिसली, सर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. रूममेटजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — तिला स्वादुपिंड म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. तुम्हालाही तिथूनच सांगते. तेवढाच मला वेळ मिळेल.

सोनोग्राफी शिकताना यकृत पहिल्याच दिवशी सापडतं. मूत्रपिंडालाही लपता येत नाही. स्वादुपिंडाचा मात्र मला राग येतो, अजूनही. जेमतेम वीतभर अवयव. पचनाचा रस तोच करतो, इन्शुलिनही तोच करतो, आणि बसतो कुठे? जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात, आडवा. डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या वळणात, शेपूट डावीकडे प्लीहेपाशी. जठरात हवा असली की पडद्यावर नुसता पांढुरका धूर. त्या धुराकडे बघत मी किती सकाळी घालवल्या!

आमच्या विभागाची एक पद्धत आहे. पेशंट तपासून झाला की सर पलीकडच्या टेबलावरून एकच विचारतात, "शेपूट?" दिसली म्हटलं की रिपोर्टवर सही. माझ्या बरोबरचे रेसिडेंट, ज्यांच्या घरात दोन-दोन पिढ्या डॉक्टर, ते बिनधास्त सांगतात, "नाही सर, गॅस आहे." सर उठून येतात, चिडवतात, दाखवतात. मला ते जमायचं नाही. आईवडील निफाडला द्राक्षबागेत कामाला, घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली — वाटायचं, माझं एक "नाही" सर कायम लक्षात ठेवतील. पण हे कारण झालं. कारणं द्यायला मी बसलेले नाही.

एकदा पेठ तालुक्यातून एक बाई आली. पोटात वरच्या बाजूला दुखणं, थेट पाठीत जाणारं. वजन उतरलेलं, साखर नव्यानंच निघालेली. मी तपासायला घेतलं. डोकं दिसलं, मधला भाग दिसला. शेपटीच्या जागी धूर.

"ताई, घोटभर पाणी देता का? रातपासून उपाशी हाय."

कळतंय ना? पाणीच तर द्यायचं असतं अशा वेळी. जठर पाण्यानं भरलं की हवा सरते, मागचं दिसू लागतं. नाहीतर कुशीवर वळवून प्लीहेकडून बघायचं. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण बाहेर रांग होती. आणि पाणी मागवलं असतं तर — सरांना कळलं असतं की मला दिसत नाहीये.

"झालंच मावशी. बाहेर गेल्यावर प्या."

"शेपूट?" सरांचा आवाज आला.

"दिसली, सर. नॉर्मल."

"वा! तुला बरी सापडते गं. या बाकीच्यांना शिकव जरा."

सगळे हसले. मीही हसले.

काही महिन्यांनी मावशी परत आली. सीटी स्कॅनमध्ये शेपटीत गाठ निघाली होती, यकृतात पसरलेली. सुईनं तुकडा घ्यायच्या आधी सोनोग्राफी करायची होती. सरांनी जुना रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "तेव्हा नव्हती. फार भराभर वाढतो हा आजार." मी मान डोलावली.

तेव्हा होती की नव्हती? मला माहीत नाही. तेच तर — मी पाहिलंच नाही. आता ते कुणालाच कधी कळणार नाही.

सर दुसऱ्या खोलीत गेले. मावशीनं मला ओळखलं. "बरं झालं तुम्हीच हाय. वळखीचं माणूस." मी तिच्या पोटावर मशीनचा प्रोब ठेवला. गाठ लगेच दिसली.

"ताई, तवा नव्हतं ना काय? आमचे मालक म्हनतात, तवाच धरायला पायजे होतं. मी म्हनलं, नाय हो, त्या ताईंनी नीट बघितलंय."

खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर रांग नव्हती. काही घाई नव्हती.

"नव्हतं, मावशी," मी म्हणाले. आणि पोटावरचं जेल पुसायला तिच्या हातात कागद दिला.