कालेताचा होडीवाला

अकापुल्कोच्या कालेता किनाऱ्यावर निकान्द्रो एकोणतीस वर्षं काचेच्या तळाची होडी चालवत होता. प्रवाशांना समोरच्या बेटापाशी न्यायचं, पाण्याखाली उभी असलेली ग्वादालुपेची माउली, म्हणजे मेरीमातेची मूर्ती दाखवायची आणि परत आणायचं, एवढंच त्याचं काम.

मार्चमध्ये भरदुपारी त्याच वाळूवर खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एर्मिनियोला टोळीवाल्यांनी गोळ्या घातल्या. त्याने हप्ता द्यायचं नाकारलं होतं. ईस्टरच्या सुट्टीतही किनारा ओस पडला. होडीवाल्यांनी मिळून ठरवलं, कुणी विचारलंच तर सांगायचं, ते तिकडे लांब, बाजारात झालं.

मे महिन्यात पुएब्ला शहरातलं एक म्हातारं जोडपं आलं. दोन महिन्यांतली निकान्द्रोची ही चौथी फेरी. होडीत बसता बसता बाईंनी विचारलं, "इथे खुर्च्या देणारा तो उंच माणूस असायचा ना? शीळ घालायचा बघा. लग्नानंतर आलो तेव्हा त्याने आमच्याकडून पैसेच घेतले नव्हते."

"मुलीकडे गेलाय, उत्तरेला," निकान्द्रो म्हणाला.

"बरं झालं. म्हातारपणी लेक जवळ हवी."

निकान्द्रोने वल्ह्याने उगाच पाणी ढवळलं आणि इंजिन सुरू केलं. बेटापाशी इंजिन बंद केलं. काचेखाली माउली दिसू लागली तशी बाईंनी हात जोडले. "त्याच्या लेकराबाळांनाही सुखी ठेव गं आई."

आता मात्र निकान्द्रोला राहवेना. "बाई, मी खोटं बोललो. त्याला मारलं. तिथेच, त्या छत्र्यांपाशी. मी वीस पावलांवर होतो, आणि होडीमागे लपलो."

नवरा ताडकन उठला. "होडी वळव! आत्ताच्या आत्ता!"

बाई डोळे पुसत काचेकडे बघत राहिल्या.

ते जोडपं संध्याकाळच्या बसने परत गेलं. काय झालं ते कळल्यावर दामासो हा दुसरा होडीवाला चिडला. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही! आता ती पुएब्लाभर सांगत सुटेल. मेला तो मेला, आपल्यालाही मारतोस का?"

"एर्मिनियोसाठी कुणीतरी देवीपुढे हात जोडत होतं, दामासो. आणि तो जिवंत आहे असं समजून."

दामासोने वाळूत थुंकून तोंड फिरवलं.

जूनमध्ये फक्त दोन फेऱ्या झाल्या. जुलैत निकान्द्रोने होडी ओढून वर ठेवली आणि बंद पडलेल्या एका हॉटेलावर राखणदारी धरली. तिथे राखण्यासारखं फारसं काही नव्हतं. दिवसभर तो पोहण्याच्या कोरड्या तलावातली पानं झाडायचा. दमला की काठावर पाय सोडून बसायचा.