साडूंचं जंतूंशी वैर

माझ्या थोरल्या साडूंइतकं मनापासून जंतूंशी वैर धरलेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा नसेल. चिकलठाण्याच्या कारखान्यातून घरी आले की आधी दाराची कडी धुवायचे, मग कडीला लागला म्हणून हात, आणि त्या हातानं सोडला म्हणून नळ. त्यांच्याकडचा चहासुद्धा कायम फिनेलच्या वासाचा. मी एकदा तसं म्हणालो, तर "म्हंजे कप स्वच्छ हाय," एवढंच म्हणाले.

पण यामागचं कारण चेष्टेचं नव्हतं. त्यांच्या लेकीला, चिमीला, दमा होता. हवा बदलली की तिची छाती वाजायला लागायची आणि हे बादली घेऊन फरशीवर तुटून पडायचे. एकदा आम्ही दोघं जावई सहकुटुंब पाचोडला सासुरवाडीला गेलो, तर चिमी खेळणार म्हणून यांनी सासऱ्यांची बकरी फिनेलच्या पाण्यानं धुऊन काढली. बकरी शिंकायला लागली. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आता हिला बी दमा लावता का?"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप नेमानं द्या, फिनेल आवरा, त्या वासानं पोरीला उलट जास्त धाप लागते, असं बजावलं. वर म्हणाल्या, "जंतू सगळ्यांच्याच नाकात, श्वासनळीत असतात. काही दमा वाढवतात, काही सांभाळूनही घेत असावेत."

साडूंचा चेहराच उतरला. "मंग त्यातले आपले कोणते, तेवढं सांगा. बाकीच्यांचं मी बघतो."

"तेच तर आम्ही अजून शोधतोय," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून साडू बेकार झाले. शत्रूच्या गोटात आपलीही माणसं आहेत म्हटल्यावर हल्ला करायचा कुणावर? बादली मोरीत उपडी पडून राहिली. रिकाम्या हातांना काम हवं, म्हणून ते चिमीच्या पाठीवर हात ठेवून नुसता तिचा श्वास ऐकत बसायचे. पंपाची वेळ मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. वर्षं गेली तशी तिची छाती वाजायची कमी झाली.

आता चिमी पुण्यात नोकरी करते. तिचा फोन आला की साडू तो कानाला लावतात आणि आधी काहीच बोलत नाहीत. मी त्यावरही हसायचो. परवा फोन स्पीकरवर होता. आधी तिचा नुसता श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, "बाबा, झालं ऐकून? आता बोला."

साडूंनी हातानं डोळे पुसले आणि तसेच, हात न धुता, तिच्याशी बोलत बसले.