वाळवंटातला तलाव आणि मी खोडलेली ओळ

आधी तो चहा संपवा, नाहीतर माझा मूर्खपणा ऐकून ठसका लागेल. आणि हा मूर्खपणा फुकटातला नाही बरं का. सव्वा लाख दिरहॅम! म्हणजे आपले तीस लाख रुपये. तेवढ्यात गावाकडे घर उभं राहिलं असतं.

माझे वडील, आप्पा, वाईचे. अर्धा जन्म कृष्णेत पोहण्यात गेला. पंचाहत्तरीला गुडघे गेले आणि डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम फक्त पाण्यात. क्लबच्या तलावात चारचौघांसमोर चड्डीवर उतरायची आप्पांना लाज वाटते. म्हटलं, बास. दुबईच्या कडेला आपला व्हिला आहे, मागे अंगण आहे, जुलैत आप्पा यायचेच आहेत. घरच्या घरी तलाव बांधू.

पूलवाला बिजू मूळचा केरळचा. वीस वर्षं इथे तलाव बांधतोय. शांत माणूस. त्याचं कोटेशन वाचून मी मात्र शांत राहिलो नाही. खड्डा खणायचे पैसे, ठीक. खणलेली वाळू उचलून न्यायचे वेगळे पैसे! माझी वाळू, माझ्या अंगणातली! आणि पुढच्याच ओळीत, भिंतीमागे भरायला धुतलेली वाळू आणायचे पैसे. वाळवंटात राहून वाळू विकत घेणारा माणूस पाहिलाय कधी? हा बघा, तुमच्यासमोर बसलाय.

आणि सगळ्यात शेवटी चिलर. पाणी थंड करायचं मशीन. अठरा हजार दिरहॅम, म्हणजे सव्वाचार लाख रुपये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दुबईच्या देरा बाजारात मसाल्याचा धंदा करतो. आमच्याकडे कोटेशनमधली एक तरी ओळ खोडल्याशिवाय सही करत नाहीत. समोरचाही ते धरूनच ओळी वाढवतो. मी लाल पेन काढलं.

"सर, ये मत काटो," बिजू म्हणाला. "टाइल काटो, लाइट काटो. ये मत काटो."

झालं! माणूस एवढा काकुळतीला आला, म्हणजे खरी मलई इथेच असणार ना? मी ती ओळ अशी खोडली की कागद फाटला. "बिजूभाई, पानी है, आइसक्रीम नहीं. खलास."

बिजूने खोडलेल्या ओळीपुढे माझी सही घेतली. मला वाटलं, हरला बिचारा.

जुलैत आप्पा आले. तलाव तुडुंब भरलेला, निळ्या टाइल्स चमकतायत. मी इथल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं बोलावली, काठावर नारळ फोडला. आप्पा नवी गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून, दांडा धरून, देवाचं नाव घेत पायरीवर आले. एक पाय पाण्यात टाकला आणि लगेच बाहेर काढला.

"आधण आलंय रे," ते म्हणाले. "तांदूळ टाक."

माझी लेक रिया हात बुडवून "बाबा, इट्स सूप" म्हणाली आणि व्हिडिओ काढायला लागली. मी यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत गाडी काढली, मासळीबाजारातून दोनशे दिरहॅमचा बर्फ आणून ओतला. वीस मिनिटांत बर्फ गेला आणि सूप तसंच. मग मी बिजूला फोन करून तोंडाला येईल ते बोललो. पाणी एवढं तापतं हे आधी सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, तीच तर ओळ होती सर, तिच्यापुढे तुमची सही आहे.

फोन आपटला, तर बायको, मीनल, समोर उभी. "अकरा वर्षं झाली आपल्याला इथे," ती म्हणाली. "मे उजाडला की तू घरातला गीझर बंद करतोस. कशासाठी?"

मी त्याच तारेत ओरडलो, कशासाठी म्हणजे? गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाने कढत होतं, नळाखाली हात धरवत नाही. गीझर घरात सावलीला असतो, म्हणून तो बंद ठेवला की त्यातलं पाणी गार मिळतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही…

आणि तिथेच थांबलो.  

दोन महिने आप्पांनी त्या बंद गीझरच्या पाण्याने बादलीत आंघोळ केली. जाताना म्हणाले, थंडीत येतो, तेव्हा नक्की उतरतो. मला भरून आलं. बिजूला परत बोलावलं.

आता टाइल्स फोडून पाइप टाकायचे, म्हणून चिलरचे सव्वीस हजार. मान खाली घालून ती ओळ तशीच राहू दिली. पण खाली आणखी एक ओळ होती. हिवाळ्यासाठी हीटर, नऊ हजार.  या वेळी बिजूने स्वतःच पेन पुढे केलं.

आता तुम्हीच सांगा, वाळवंटात पाणी तापवायला कोणी पैसे देतं का?

मागच्या आठवड्यात आप्पा आलेत. जानेवारी आहे. तलावाचं पाणी इतकं गार की बोट घालवत नाही. ते स्वेटर घालून काठावर बसतात आणि मी त्यांच्या गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवतो. पाणी गीझरचं. चालू केलाय मी तो.